जखमी जवानाला पुढे काय लागेल, हे किती आधी सांगता येते?

प्रश्न एका तरुण शल्यचिकित्सकाचा आहे. लष्करी रुग्णालयात त्यांची नुकतीच नेमणूक झाली आहे आणि त्यांनी विचारले आहे की, युद्धात किंवा चकमकीत जखमी झालेला जवान दाखल झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याच्या पुनर्वसनाच्या गरजांचा अंदाज बांधता येतो का, आणि येत असेल तर तो कशाच्या आधारावर बांधावा. पुनर्वसन-वैद्यकात तीन दशके घालवल्यावर माझे उत्तर असे आहे. काही गरजा तिसऱ्या दिवशी जवळजवळ खात्रीने सांगता येतात, काही तीन महिन्यांनी स्पष्ट होतात आणि काही त्या जवानाचे घर पाहिल्याशिवाय कळतच नाहीत. म्हणून अंदाज अवश्य बांधावा, लेखी बांधावा, पण तो ठरलेल्या तारखांना पुन्हा तपासायचा आहे हे गृहीत धरूनच बांधावा.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करतो, कारण तुमच्या पत्रात ती डोकावते. जखमांच्या तीव्रतेचा जो गुणांक आपण केसपेपरवर लिहितो, त्यावरून पुनर्वसनाचा कालावधी काढण्याचा मोह होतो. हा गुणांक १९७४ साली मांडला गेला, तोही मोटार अपघातांतील रुग्णांच्या माहितीवरून, आणि रुग्ण दगावण्याची शक्यता किती, एवढेच सांगणे हे त्याचे काम होते. प्लीहा फाटलेला आणि छातीला मार बसलेला जवान या गुणांकात वर असतो. तो वाचला तर बहुधा काही महिन्यांत आपल्या तुकडीत परत जातो. याउलट दंडातून आरपार गोळी गेलेल्या आणि हाताच्या दोन प्रमुख नसा तुटलेल्या जवानाचा गुणांक अगदी मामुली येतो, पण नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, तोवर बोटांचे सांधे आखडू द्यायचे नसतात, स्प्लिंट दर काही आठवड्यांनी बदलावे लागतात आणि कदाचित पुढे स्नायूबंध हलवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. दोन वर्षांचे काम असलेला हा रुग्ण यादीत सर्वांत खाली राहतो आणि त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताची रोजची कामे पुन्हा शिकवणारा तज्ज्ञ, भेटतो तेव्हा मूठ कडक झालेली असते.

मग पाहायचे काय? सर्वांत आधी इजा कशाने झाली ते पाहावे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या शल्यचिकित्सकांनी भूसुरुंगाच्या जखमांचे तीन नमुने सांगितले आहेत आणि अंदाज बांधण्यासाठी इतके उपयुक्त वर्गीकरण मला दुसरे आढळलेले नाही. पुरलेल्या सुरुंगावर पाय पडला तर एक पाऊल किंवा पोटरी जाते, दुसऱ्या पायालाही इजा होते आणि अनेकदा गुप्तांगापर्यंत माती व तुकडे घुसतात. जवळपास फुटणाऱ्या सुरुंगाचे तुकडे शरीरभर विखुरतात. सुरुंग हाताळताना फुटला तर हात, चेहरा आणि डोळे जातात. पहिल्या नमुन्यातील जवानाला कृत्रिम पाय लागणार हे उघडच आहे, पण ‘चांगल्या’ पायाची काळजी आणि वैवाहिक जीवनाविषयी मोकळे समुपदेशन हेही लागणार, हे त्याच दिवशी लिहून ठेवता येते. तिसऱ्या नमुन्यात दोन्ही हात आणि दृष्टी एकदम गेलेली असू शकते. तशा माणसाला बोटांनी ब्रेलही वाचता येत नाही, आणि त्याच्यासाठी अस्थिरोग, नेत्र व पुनर्वसन हे तीनही विभाग पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसले नाहीत तर प्रत्येक जण दुसऱ्याने पाहिले असेल असे समजून चालतो.

स्फोटातून आलेल्या प्रत्येक जवानाची श्रवणचाचणी करावी, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. अमेरिकेच्या माजी सैनिकांमध्ये अपंगत्वभत्त्याची सर्वाधिक नोंदली जाणारी कारणे कानात सतत आवाज येणे आणि ऐकू कमी येणे हीच आहेत. शिवाय ऐकू न आल्यामुळे चुकलेले उत्तर पुष्कळदा स्मृतिदोषाच्या खात्यात जमा होते आणि मेंदूच्या इजेचा सगळाच अंदाज बिघडतो.

एका जवानाला एकच निदान, या पद्धतीने नियोजन करू नये. ऑक्टोबर २००१ ते जानेवारी २००५ या काळात इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेल्या १,५६६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत जखमांची संख्या ६,६०९ होती. म्हणजे माणशी चार जखमा. त्यांतील सुमारे ५४ टक्के हातापायांच्या, सुमारे ३० टक्के डोके व मानेच्या, ११ टक्के पोटाच्या आणि अवघ्या ६ टक्के छातीच्या होत्या. चिलखती जाकिटाने छाती वाचवली आणि ओझे हातापायांवर, चेहऱ्यावर व मेंदूवर आले. हे आकडे दिशा दाखवतात, पण ते जसेच्या तसे उचलू नयेत, कारण प्रत्येक युद्धाचे रुग्ण वेगळे असतात. कारगिलमध्ये १९९९ साली आपले जवान उघड्या चढावर तोफखान्याच्या माऱ्याखाली होते. तिथे गोळ्याच्या तुकड्यांबरोबर फुटलेले दगडही लागत आणि वर हिमदंशाची भर पडत असे. युक्रेनमध्ये ड्रोनच्या भीतीने जखमींना मागे आणायला तासन्‌तास लागत असल्यामुळे रक्तस्राव थांबवण्यासाठी बांधलेला पट्टा वेळेवर सैल करता आला नाही आणि वाचू शकले असते असे अवयवही कापावे लागले. त्यामुळे तुमच्या केसपेपरवर पट्टा किती वाजता बांधला आणि किती वाजता सोडला, ही नोंद असलीच पाहिजे. दोन तासांपलीकडचा प्रत्येक तास स्नायू आणि नसांच्या हिशेबात मोजावा लागतो.

आता वेगवेगळ्या इजांकडे येतो. सर्वांत आधी आणि सर्वांत खात्रीने अंदाज बांधता येतो तो मज्जारज्जूच्या इजेत. पहिल्या काही तासांतील तपासणीवर विसंबू नये, कारण धक्क्यामुळे सगळेच बंद पडलेले असते आणि रुग्ण पुष्कळदा औषधांच्या अमलाखाली असतो. पण साधारण ७२ तासांनी शांतपणे, प्रत्येक स्नायुगट आणि प्रत्येक त्वचापट्टा तपासून केलेली नोंद पुढच्या आयुष्याचा बराचसा नकाशा देते. गुदद्वाराभोवती टाचणीची टोच कळते का, ही तपासणी घाईत आणि संकोचाने वगळली जाते, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे: ती संवेदना टिकलेली असेल तर पुढे चालण्याची आशा धरायला आधार असतो आणि ती पूर्णपणे गेलेली असेल तर बहुतांश रुग्णांत इजा पूर्णच राहते, म्हणजे तिच्या पातळीखाली संवेदना आणि हालचाल परत येत नाही. मानेतील सहाव्या पातळीखाली इजा पूर्ण असेल तर मनगट वर उचलता येते आणि त्या हालचालीने बोटे आपोआप मिटून हलकी पकड मिळते. सातवी पातळी शाबूत असेल तर कोपर सरळ करणारा स्नायू मिळतो आणि जवान पलंगावरून व्हीलचेअरवर स्वतः सरकू शकतो. एका पातळीचा हा फरक म्हणजे घरात चोवीस तास मदतनीस लागणे आणि न लागणे एवढा मोठा असतो. छातीच्या पातळीवरील पूर्ण इजेत तिसऱ्या दिवशीच व्हीलचेअर, योग्य गादी, स्वतः कॅथेटर घालण्याचे शिक्षण आणि रुंद दरवाजाचे घर ही यादी लिहिता येते. ती लिहायला तीन महिने थांबणारे रुग्णालय त्या काळात दर दोन तासांनी कूस बदलणेही विसरते, आणि शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) झाला की पुनर्वसन कित्येक महिने मागे जाते.

हे शास्त्र युद्धातूनच आले आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शय्याव्रण यांनी दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी या इजांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि त्यांच्या रुग्णांसाठी १९४८ साली भरवलेल्या सोळा जणांच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. आपल्याकडे पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचे खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे, आणि जखमी जवानांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था तर १९१७ ची. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणाचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या पायांवरून बांधलेला अंदाज चुकलेला नव्हता. जखमी होण्यापूर्वी ते लष्कराचे मुष्टियोद्धे होते, आणि ही गोष्ट कोणत्याही स्नायूतपासणीच्या कागदावर लिहिलेली नसते.

अवयवच्छेदनात अंदाज अर्धा खात्रीचा आणि अर्धा बेभरवशाचा असतो. गुडघा वाचला की नाही, यावर बाकी सगळे ठरते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या तरुणाला चालताना साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्यावर गेला तर निम्म्याहून अधिक जास्त लागते, आणि दोन्ही पाय गुडघ्यावर गेले तर अनेक जण घराबाहेर व्हीलचेअरच निवडतात, त्यात कमीपणा काही नाही. कृत्रिम पाय बसवण्याआधीच घेता येणारी चालण्याच्या क्षमतेची एक चाचणी उपलब्ध आहे. तिच्यातील एका पायावर तोल सांभाळून उभे राहण्याचा भाग मी प्रत्येक जवानाकडून करवून घेतो, कारण कोणत्या दर्जाचे पाऊल आणि गुडघा मागवावा हे त्यावरून बरेच कळते. पहिल्या वर्षात उरलेला भाग आकसतो आणि सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, दोन-तीनदा बदलावे लागते, हे गृहीतच धरावे. स्फोटाच्या जखमांत मात्र एक वेगळा अडथळा येतो: मांसात नको तिथे हाड तयार होते. अमेरिकी सैनिकांच्या छेदन झालेल्या अवयवांच्या एका अभ्यासात हे प्रमाण ६३ टक्के आढळले, नागरी रुग्णालयांत मी पाहिलेल्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक. म्हणून नीट बसलेला सॉकेट सहाव्या महिन्यात अचानक टोचू लागला, तर तंत्रज्ञाला दोष देण्याआधी एक्स-रे काढावा.

पाय वाचवावा की कापावा, या प्रश्नावर गुणांकांनी आपली साफ निराशा केली आहे. अमेरिकेत ५६९ नागरी रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात पाय वाचवलेल्यांची आणि कापलेल्यांची दोन वर्षांनंतरची अवस्था जवळपास सारखीच निघाली, आणि ती ठरवण्यात जखमेइतकाच, किंबहुना जास्त, वाटा शिक्षण, गरिबी, जवळच्या माणसांचा आधार, धूम्रपान आणि ‘हे मला जमेल’ असा स्वतःवरचा भरवसा यांचा होता. सैनिकांवरील नंतरच्या अभ्यासात पाय कापलेलेच अधिक सक्षम आढळले. यावरून पाय कापण्याची घाई करावी असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. कापलेल्यांसाठी आखीव कार्यक्रम होता, वाचवलेल्यांसाठी तसा नव्हता, असा त्याचा अर्थ मी लावतो, आणि त्याला पुरावाही आहे: सॅन अँटोनियोच्या लष्करी केंद्रात पाय वाचवलेल्यांसाठी कार्बन फायबरचा खास आधार आणि त्यासोबत कडक प्रशिक्षण सुरू झाल्यावर, ‘आता पाय कापूनच टाका’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो विचार सोडला. गरजेचा अंदाज उपलब्ध साधनांवरही अवलंबून असतो, हे इथे स्वच्छ दिसते.

लष्करी अधिकारी इयान कार्डोझो यांचे उदाहरण मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी देतो. १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातील सिल्हेट भागात, सुरुंगाने चिंधड्या झालेला स्वतःचा पाय त्यांनी खुकरीने तोडला, आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियनचे व ब्रिगेडचे नेतृत्व केले. वैद्यकीय मंडळाच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. त्यांना चाचण्या देऊन तो मिळवावा लागला.

मेंदूच्या इजेबद्दल थोडक्यात दोन गोष्टी सांगतो. पहिली, बेशुद्धीच्या खोलीपेक्षा अपघातानंतर दैनंदिन आठवण सलगपणे परत यायला किती दिवस लागले, हे मोजावे. दुसरी गोष्ट व्हिएतनाम युद्धातील मेंदूच्या जखमींच्या दीर्घ अभ्यासातून आली. कवटी भेदून गेलेल्या जखमा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढील पंधरा वर्षांत कधी ना कधी अपस्माराचा झटका आला. तेव्हा गाडी चालवणे, विहिरीवर एकटे जाणे, औषधाचा पुरवठा यांचा विचार सुरुवातीलाच झाला पाहिजे. त्याच अभ्यासात जखमेनंतरची बुद्धिमत्ता सर्वांत चांगली कशावरून सांगता आली, तर भरतीच्या वेळी घेतलेल्या चाचणीच्या गुणांवरून. मेंदूचा किती भाग गेला याचा वाटा त्यामानाने कमी होता. आपल्याकडेही प्रत्येक जवानाचे शिक्षण, ट्रेडच्या परीक्षा आणि सेवेतील अभ्यासक्रम यांच्या नोंदी असतात. त्या मागवायला एक पत्र पुरते, तरी त्या वॉर्डात क्वचितच पोहोचतात.

मनाच्या जखमांबाबत पहिल्या आठवड्यातला अंदाज बांधूच नये. रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर जखमी अमेरिकी सैनिकांच्या एका पाहणीत पहिल्या महिन्यात आघातोत्तर तणावाची लक्षणे सुमारे ४ टक्क्यांत होती. सातव्या महिन्यात ती १२ टक्क्यांवर गेली. सातव्या महिन्यात तणाव किंवा नैराश्य आढळलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के जण पहिल्या महिन्यातील चाचणीत ठणठणीत ठरले होते. वॉर्डात सोबती असतात, वरिष्ठ भेटायला येतात, वर्तमानपत्रात नाव छापून येते. मग तो गावी जातो आणि दुपारच्या वेळी घरात एकटा असतो. पहिल्या महिन्यात ज्यांचे शारीरिक त्रास जास्त होते, त्यांनाच पुढे हा त्रास अधिक झाला, एवढा धागा मात्र त्या पाहणीने दिला आहे. वेदना आटोक्यात ठेवणे हेच त्यामुळे मानसोपचाराचे पहिले पाऊल ठरते.

माझी एक चूक सांगतो. कमरेच्या मणक्यांतील वरच्या पातळीवर मज्जारज्जूला अपूर्ण इजा झालेल्या एका जवानाच्या कागदावर मी पाचव्या दिवशी ‘व्हीलचेअरवर स्वावलंबन’ असे उद्दिष्ट लिहिले. त्याची बदली दुसऱ्या रुग्णालयात झाली आणि तिथल्या फिजिओथेरपिस्टने माझ्या शेऱ्याचा मान राखून त्याला उभे करण्याचा प्रयत्नच केला नाही. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा मांडीच्या स्नायूंत चांगली ताकद आलेली होती, पण घोटे आखडून पावले खाली वळली होती. ती सोडवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि नंतर तो कॅलिपर घालून चालला. मी अंदाज लिहिला होता; त्यांनी तो आदेश म्हणून वाचला. तेव्हापासून मी प्रत्येक शेऱ्यासमोर पुढील तपासणीची तारीख लिहितो आणि काय दिसले तर हा शेरा रद्द समजावा, तेही लिहितो. अशा गरजांचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांबाबतही मला हीच धास्ती वाटते. ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्याच माहितीवर ती शिकतात, आणि ज्यांना उद्या काही मिळणार नाही असे ती सांगतात, त्यांना खरोखरच काही दिले जात नाही.

राहिले घर. सातारा जिल्ह्याच्या डोंगरउतारावरील वस्तीत परतणाऱ्या जवानाला आणि पुण्यातील सदनिकेत राहणाऱ्या जवानाला एकाच पातळीच्या छेदनानंतर एकच साधन पुरत नाही. पहिल्याला भातखाचरातल्या चिखलात जायचे असते, उकिडवे बसायचे असते, चप्पल काढून देवघरात जायचे असते. जयपूर पाऊल १९६०च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी घडवले ते नेमक्या याच गरजांसाठी. महागडा संगणकीय गुडघा देऊन पाठवलेला जवान पहिल्या पावसाळ्यात तो कपाटात ठेवतो, असे मी पाहिले आहे. सेनादलांतील ‘शेप’ ही वैद्यकीय श्रेणी मन, श्रवण, अवयव, शरीर आणि दृष्टी यांचा सेवेच्या दृष्टीने हिशेब देते. संडास कसा आहे, घराला किती पायऱ्या आहेत, घरात सकाळी कोण असते, हे मात्र तुम्हालाच विचारावे लागते. शक्यतो पत्नीला किंवा आईला विचारावे, कारण जवान सगळे ठीक आहे असेच सांगतो.

तारखांविषयी विचारले होते, म्हणून माझी पद्धत सांगतो: तिसरा दिवस, सहावा आठवडा, तिसरा महिना, सातवा महिना, एक वर्ष, आणि त्यानंतर दर वर्षी. खाटांचा हिशेब करताना एका जवानाचे पहिले दाखल होणे मोजून थांबू नका. सॉकेटसाठी, वाढलेल्या हाडासाठी, शय्याव्रणासाठी तो पुन्हा येणार आहे. वीस-पंचवीस वर्षांनी पॅराप्लेजियाच्या रुग्णाचे खांदे झिजतात, कारण इतकी वर्षे त्यांनी पायांचे काम केलेले असते. एक पाय गेलेल्याचा दुसरा गुडघा आणि कंबर दुखू लागते. दोन्ही पाय गेलेल्यांत हृदयविकाराचा धोका वाढतो. तो तोपर्यंत सेवेत नसतो, तुम्ही त्या रुग्णालयात नसता. म्हणून तिसऱ्या दिवशी सुरू केलेला गरजांचा कागद, सर्व दुरुस्त्या आणि तारखांसह, त्याच्या हाती मराठीत लिहून द्यावा, आणि त्याची प्रत माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकला व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवावी. खांद्याची तपासणी कोणत्या वर्षापासून सुरू करायची, हे त्यावर आजच लिहून ठेवता येते.